बेरजेतले दोन पक्षी

पुणे, ६ फेब्रुवारी १९९६

श्री. वामन मढवी यांस,

नमस्कार. तुमची जानेवारीची यादी काल पोचली. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. खाणीच्या उतारावर पडलो तो डिसेंबर संपला, आता उन्हाळासुद्धा इथे क्षिप्राच्या घरी खिडकीत बसून काढावा लागणार. मुलगी जावई चांगलं बघतात, पण समोर फक्त एक पिवळी इमारत आणि तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. तेव्हा तुमची यादी हेच माझं सध्याचं वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्र मी नीट वाचतो.

यादीत बुलबुल चौदा, सातभाई अकरा, पोपट नऊ, वेडे राघू आठ, कोतवाल चार, शिंपी चार, दयाळ तीन, तांबट तीन, भारद्वाज दोन, खंड्या एक. आनंद वाटला. चार वर्षांपूर्वी आपल्या समितीने त्या बंद दगडखाणीत पहिली रोपं लावली तेव्हा तिथे सावलीसाठी माणूस थांबत नव्हता, पाखरू कुठून थांबणार. आता करंज डोक्यावर गेलाय आणि पांगारा फुलतोय म्हणता, हे वाचून बरं वाटलं.

पण वामनराव, या सगळ्यांची बेरीज एकोणसाठ होते. तुम्ही खाली लिहिली आहे एकसष्ट. मी तीनदा केली, जावयाकडून एकदा करवून घेतली. दोन पक्षी जास्तीचे कुठले?

मी बत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मी चिकटवलेले नियम पुन्हा वाचा. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी सहा ते आठ, एकाच वाटेने, मागे न फिरता. कावळे-चिमण्या सोडून दिसलेला एकही पक्षी मोजायचा राहता कामा नये. आणि न दिसलेला मोजता कामा नये, हे लिहायचं राहिलं असेल तर आता लिहून घ्या.

दिनानाथ आठल्ये


बेलापूर, १५ फेब्रुवारी १९९६

मा. आठल्ये साहेबांना वामनचा नमस्कार.

पायाचं वाचून वाईट वाटलं. तिथे मुरुमावर पाय सरकतो हे मी तुम्हाला सांगत होतो, पण तुमची नजर झाडावर होती.

बेरजेत दोन जास्त झाले हे खरं. तेवढं चालवून घ्या. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी.

खाणीतल्या तळ्यात पाणी अजून कमरेएवढं आहे. त्यातूनच बादल्या भरून रोपांना घालतो. उंबराला पहिल्यांदा फळं धरली. वरच्या आणि मधल्या टप्प्यावर आता रानच झालं आहे. खालचा टप्पा तेवढा उघडा, नुसती खडी. त्याचे खड्डे पावसाच्या आधी खणायचे असं ठरलं आहे ते लक्षात आहे.

घरी सर्व ठीक. सून रंजिता हिला सहावा महिना लागला. आधीची दोन टिकली नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. सुमित्रा तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. दिपेश रोज पहाटे मार्केटला कामाला जातो. आमचं सगळं लक्ष सध्या त्या एका गोष्टीत आहे.

वामन मढवी


पुणे, ७ मार्च १९९६

वामनराव,

फेब्रुवारीची यादी मिळाली. नावांची बेरीज सहासष्ट. तुमचा आकडा अडुसष्ट. पुन्हा दोन!

आता माझं ऐका. माणसाची चूक कधी एकाने होते, कधी सातने, कधी वर, कधी खाली. दर महिन्याला नेमकी दोनाने आणि नेमकी वरच होते तिला आमच्या खात्यात चूक म्हणत नसत. सातवी शिकलात हे मला सांगू नका. सुरुंगाला किती दारू लागते याचा हिशेब तुम्ही बावीस वर्षं बोटांवर केलात आणि दहाही बोटं घेऊन घरी आलात. तुम्हाला बेरीज येते.

दहा जूनला समितीची बैठक आहे. टेकडीची राखण तुमच्याकडे ठेवायची की एखाद्या सिक्युरिटीवाल्या एजन्सीकडे द्यायची हे तिथे ठरेल. काही सभासदांना युनिफॉर्मवाला माणूस हवा आहे. माझ्या टिपणावर सगळं अवलंबून राहील, म्हणून स्पष्ट लिहितो आहे.

आणखी एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे राजकंठी हमखास येते. निळी पाठ, गळ्याला लाल पट्टा. ती तुमच्या यादीत नाही. दिसली असेल तर पुढच्या यादीत घाला.

दिनानाथ आठल्ये


बेलापूर, १९ मार्च १९९६

साहेबांना नमस्कार.

राजकंठी तीन दिवस शोधली. वर, मधे, खाली, तळ्यावर. नाही दिसली. सुमित्राला रंग सांगितले तर ती म्हणाली, "सायबांनी पुन्यान बसून रंगवलाय त्यो पाखरू. तुमची परीक्षा घेतान ते." मी म्हटलं, तसं नसेल. पण तसं असेल तर माझा निकाल कळवा.

एजन्सीचं वाचलं. साहेब, ह्या डोंगराला भोकं मी पाडली. गावातल्या बाकीच्यांनी खडी फोडली, ट्रक भरले, पण सुरुंग माझा असायचा. आधी शिट्टी, मग लाल झेंडा, मग माणसं लांब पळायची आणि मग बार. संध्याकाळी घरी आलो तरी कानात आवाज राहायचा. आता पहाटे तिथे तांबट टुकटुक करतो तेव्हा मी बादली खाली ठेवून ऐकत उभा राहतो. मला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, दिपेश मार्केटात लावून देईल. पण ही राखण गेली तर मी डोंगर फोडला एवढंच माझ्या नावावर राहील. म्हणून हे काम माझ्याकडून काढू नका, हात जोडून सांगतो.

बेरजेबद्दल एवढंच सांगतो की न पाहिलेला एकही पक्षी मी मोजलेला नाही.

वामन मढवी


पुणे, २४ एप्रिल १९९६

वामन मढवी यांस,

राजकंठीच्या परीक्षेत तुम्ही पास झालात. सुमित्राबाई माझ्यापेक्षा चांगल्या ऑडिटर झाल्या असत्या. तुमचं मागचं पत्र वाचून मी जरा विरघळलोही होतो. मग मार्चची यादी आली. नावं बहात्तर, बेरीज चौऱ्याहत्तर.

आणि काल आमच्या बेलापूरच्या बिल्डिंगमधल्या नंदिनी गुप्ते यांचं पत्र आलं. त्या सकाळी टेकडीवर फिरायला जातात. त्या लिहितात की खालच्या टप्प्याला आठवड्याभरापासून बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं आहे. त्या जवळ गेल्या तर तुम्ही वरून ओरडलात, "बाई, तिकडे जाऊ नका!" कारण विचारलं तर तोंड फिरवलंत. आणि कुंपणाच्या आतून एक पक्षी जिवाच्या आकांताने ओरडत होता, त्या घरी पोचेपर्यंत कानात तो आवाज होता.

आता मी दोन आणि दोन मांडतो. दर महिन्याला तुम्ही दोन पक्षी बघता ज्यांचं नाव लिहीत नाही. आता एका जागेला कुंपण पडतं, तिथे कुणाला फिरकू देत नाही, आणि आत पक्षी ओरडतो. तुमचा मुलगा रोज पहाटे मार्केटला जातो, टेम्पोत एक पिंजरा कुणाला दिसतो? पोपटाच्या जोडीला गिऱ्हाईक मिळतं हे मला ठाऊक आहे.

मला हे लिहिताना आनंद होत नाही. पण विचारणं माझं काम आहे. कुंपणात काय आहे? फासे आहेत का? हो किंवा नाही लिहा. आणि खालच्या टप्प्याचे दोनशे खड्डे एप्रिलअखेर व्हायचे होते. किती झाले?

दिनानाथ आठल्ये


बेलापूर, ३ मे १९९६

साहेबांना नमस्कार.

फासे नाहीत. देवाशपथ नाहीत. दिपेशला तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही, त्याला राग लवकर येतो.

खालच्या टप्प्यावर एकही खड्डा झालेला नाही. तो टप्पा जूनपर्यंत तसाच राहू द्या. पहिला पाऊस पडून गेला की मी एकटा दोनशे खड्डे खणून देईन, मजूर नको, कुणी नको. फक्त आता नको. कारण लिहिता येत नाही. भेटलात तर तोंडानेही सांगता येणार नाही, म्हणून रागावू नका. जून उजाडू द्या, मग काय ते सांगतो.

नंदिनीबाईंवर मी ओरडायला नको होतं. त्यांना माझ्यातर्फे सांगा.

रंजिताला आता चालवत नाही. डॉक्टरीण म्हणाली महिनाभर जपा.

एप्रिलची यादी सोबत आहे. बेरीज तुम्हाला पुन्हा जुळणार नाही.

वामन


पुणे, ८ मे १९९६

वामन मढवी यांस,

कारण लिहिता येत नाही, हेच कारण मला पुरेसं आहे. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याच्या कपाटात काही ना काही सापडलंच.

समितीच्या सेक्रेटरींशी काल फोनवर बोललो. मंगळवारी १४ तारखेला सकाळी सात वाजता मुकादम हौसेराव आठ मजूर घेऊन येईल. कुंपण काढून खालच्या टप्प्यात खड्डे घ्यायला सुरुवात करतील. साक्षीला नंदिनी गुप्ते यांना थांबायला सांगितलं आहे. कुंपणाच्या आत काही आक्षेपार्ह निघालं नाही तर तुमचं काम निम्मं झालं म्हणून समजा आणि आनंद माना. निघालं, तर दहा जूनची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या चारही याद्यांच्या बेरजेवर मी लाल रेघ मारून खरे आकडे लिहिले आहेत.

दि. आठल्ये


बेलापूर, १४ मे १९९६, दुपार

आठल्येकाका,

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लगेच लिहायला बसले. मला जरा टेन्शनच आलं आहे.

सातला हौसेराव माणसं घेऊन आला. वामन कुंपणाच्या तोंडाशी उभा होता. त्याने अडवलं नाही, भांडलाही नाही. नुसता हौसेरावला म्हणाला, "दादा, कालपासून पाया पडतो, एवढा एक महिना." हौसेराव म्हणाला, "मला वरून ऑर्डर हाय," आणि काटे बाजूला करून आत गेला. तो आत गेल्याबरोबर दोन पक्षी डोक्यावर आले. काळं डोकं, पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल. असे ओरडत झेपावत होते की मी पदर डोक्यावर घेतला. मजुरांपैकी एक जण ओरडला, "अरे, टिटवी हाय टिटवी! अंडी असतील, पाय जपून!" पण तोवर हौसेरावचा बूट पडला होता.

चार होती, काका. खडीच्या रंगाची, खडीतच, घरटं म्हणावं असं काहीच नाही. मी दोन हातांवर उभी होते तरी मला दिसली नाहीत. एक फुटलं. तीन राहिली.

मग एकही मजूर कुदळ उचलायला तयार होईना. "हिच्या अंड्यावर खड्डा? घरी बायकापोरं हायेत," असं म्हणून सगळे चालू लागले. हौसेरावसुद्धा बूट गवतात पुसत बसला. फासा नाही, पिंजरा नाही, काही नाही. मी स्वतः फिरून बघितलं.

मजुराने त्या पक्ष्याचं नाव घेतलं तेव्हा वामनने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मी विचारलं, "अहो, आधी सांगायचं ना!" तर तो म्हणाला, "बाई, घरान सून हाय. तिचा नाव आमच्या घरान घ्यायचा नाय." मग त्याने काटे पुन्हा लावले आणि तिथेच बसून राहिला.

काका, मी तुम्हाला एप्रिलमध्ये ते पत्र लिहायला नको होतं.

नंदिनी


पुणे, १९ मे १९९६

प्रिय वामनराव,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

पक्ष्यांचं पुस्तक माझ्या उशाशी असतं. उघडी खडी, शेजारी पाणी, एप्रिल-मे महिना, जोडी, आणि जवळ गेलं की आकांत. शाळेतल्या पोरानेही टिटवी सांगितली असती. खरं तर जानेवारीतच मी विचारायला हवं होतं की यादीत टिटवी कशी नाही. मी तुमच्या यादीत काय जास्त आहे ते बघत बसलो, काय कमी आहे ते बघितलंच नाही. कारण माणूस लबाड आहे हे मी आधी ठरवलं होतं आणि पुरावा नंतर गोळा केला. खात्यात असताना असं करणाऱ्या हाताखालच्या लोकांना मी मेमो देत असे.

दिपेशबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते.

एक विचारू का? नाव घ्यायचं नव्हतं, तर बेरजेतूनही ते दोन वगळता आले असते. मला कधीच कळलं नसतं, आणि हे सगळं टळलं असतं.

दहा जूनच्या बैठकीचं टिपण मी सेक्रेटरींना पाठवलं आहे. राखण तुमच्याकडेच राहील. खालच्या टप्प्यावर झाडं लावायची नाहीत, तो तसाच उघडा ठेवायचा, असंही सुचवलं आहे. जे झाड लावल्याने परत येतात त्यांच्यासाठी वरचं रान आहे. हिला खडीच लागते, तर खडी राहू दे.

फुटलेलं अंडं माझं आहे, हौसेरावचं नव्हे. यादीत त्याची नोंद माझ्या नावावर करा. रंजिताची खुशाली कळवा, मला घोर लागला आहे.

तुमचा,
दिनानाथ


बेलापूर, ६ जून १९९६

आठल्ये साहेबांना नमस्कार.

परवा, ४ तारखेला, रंजिताला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. वजन सहा पौंड. सुमित्राने वाड्यावाड्यात बर्फी वाटली. तुमच्या वाटची डब्यात ठेवली आहे, पण टिकणार नाही.

आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी रंजिताचं दुसरं गेलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी टिटवी आमच्या कौलांवरून ओरडत गेली होती. तेव्हापासून सुमित्राने घरात तिचं नाव बंद केलं. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. पक्ष्यांची वही तर आमच्या देवाच्या फळीवरच असते, तुम्हीच म्हणाला होतात कोरड्या जागी ठेवा. मला ते सगळं पटतं असं नाही. पण सुनेच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं.

तुम्ही विचारलंत बेरजेतून का वगळले नाहीत. तुम्ही सांगितलं होतं, दिसलेला एकही पक्षी मोजायचा राहता कामा नये. घरात सांगितलं होतं, तिचं नाव येता कामा नये. मी दोघांचंही ऐकलं.

कुंपणाचं सांगतो. जोडी खडीत बसून बघायला लागली तेव्हाच मी काटे टाकले. खाण चालू होती तेव्हाही ती त्याच खडीत अंडी घालायची. माझी शिट्टी, माझा लाल झेंडा माणसांना कळायचा, तिला कुठून कळणार? ती बसून राहायची. बार झाल्यावर मी त्या बाजूला बघत नसे. किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. आता माझ्याच घरात सून पोटुशी असताना मी पुन्हा तेच कसं होऊ देऊ? ती अशुभ आहे म्हणतात, असेल. पण तिच्या अंड्यांना काय झालं असतं तर मला घरी जाऊन रंजितासमोर उभं राहता आलं नसतं. हौसेरावचा बूट पडला त्या दिवसापासून परवापर्यंत मी नीट जेवलो नाही. सुमित्राला कारण सांगितलं नाही. दोघींपैकी कुणालाच अजून माहीत नाही, तुम्हीही कधी बोलू नका.

तुमच्यावर राग होता. पोपट विकतो म्हणालात तेव्हा जास्त होता. दिपेशला ते पत्र मी कधी दाखवणार नाही, चुलीत घातलं.

मे महिन्याची यादी बाळ होईपर्यंत अडवून धरली होती, म्हणून उशीर झाला. २६ तारखेची मोजणी:

बुलबुल १६
सातभाई १२
पोपट ७
वेडा राघू ५
कोतवाल ६
शिंपी ६
दयाळ ४
तांबट ५
कोकीळ ३
भारद्वाज २
खंड्या १
टिटवी ५

पाचात मोठ्या दोन आणि पिल्लं तीन. चेंडूएवढी आहेत, पण आतापासून पळतात आणि मी दिसलो की खडीत दबून बसतात. माझ्या ओळखीची असून घाबरतात.

फुटलेल्याची नोंद केली नाही. तुमच्या नावावर नाही आणि माझ्याही नाही. नाहीतर मला बावीस वर्षांची आधी करावी लागेल.

खाली बेरीज लिहिलेली नाही. ती जागा कोरी ठेवली आहे. पाय बरा झाला की या आणि तुमच्या हाताने लिहा.

वामन